बुडालं तरी चालेल असं नाव

युद्धनौकांविषयी मी वाचतो-लिहितो हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. “युद्धनौकेला नाव नेमकं कसं द्यावं? इतकी थोर माणसं होऊन गेली, त्यांची नावं का देत नाहीत?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

माझी कसोटी सोपी आहे. सुचलेल्या नावापुढे ‘बुडाली’ हा शब्द लावायचा आणि मोठ्याने म्हणून बघायचं. मग ‘पेटली’, ‘शत्रूच्या हाती लागली’, ‘भंगारात निघाली’. चारही वाक्यं कानाला सहन झाली तर नाव चांगलं. अशुभ बोलतोय असं वाटेल, पण नौका बांधणारे हेच गृहीत धरून कामाला लागतात. तिच्या पोटात आडव्या भिंती घालून पाणी अडवणारे कप्पे केलेले असतात ते कशासाठी? बांधणाऱ्याने जे मान्य केलंय ते नाव ठेवणाऱ्यानेही मान्य करायला हवं.

हिटलरला हे कळलं होतं, फक्त नौका समुद्रात गेल्यावर. जर्मन नौदलाच्या एका जड क्रूझरचं, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौकेचं नाव ‘डॉइचलांड’, म्हणजे थेट जर्मनी. दुसरं महायुद्ध पेटलं आणि ‘जर्मनी बुडाली’ हा मथळा त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागला. नौकेचं नाव मुकाट्याने बदलून ‘ल्युट्सोव’ करण्यात आलं. रशियाने नेमका उलटा प्रवास केला. १९७९ साली जलावतरण झालेली क्रूझर ‘स्लावा’ हिला १९९० च्या दशकात ‘मॉस्कवा’ हे राजधानीचं नाव दिलं. काळ्या समुद्रातल्या ताफ्याची ती ध्वजनौका, म्हणजे प्रमुख नौका. १४ एप्रिल २०२२ रोजी ती बुडाली. आमच्या क्षेपणास्त्रांनी बुडवली असं युक्रेन म्हणाला, रशियाने आगीचं कारण दिलं. काहीही असलं तरी जगभरच्या बातम्यांत मॉस्को आणि बुडणं हे शब्द शेजारी शेजारी छापले गेले.

आता थोर माणसांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तिकडे आहे. मान्युएल बेलग्रानो हे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी. त्या देशाचा झेंडा त्यांनीच घडवला. ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘कॉन्करर’ या ब्रिटिश पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. ३२३ जण गेले. आज अर्जेंटिनाबाहेर कुणाला बेलग्रानो हे नाव विचारा. झेंडा आठवणारा क्वचित भेटेल. बहुतेकांना बुडणारं जहाजच आठवेल. माणसाच्या स्मरणार्थ दिलेल्या नावाने माणूसच झाकून टाकला.

याच नौकेची आणखी एक गंमत. ती मूळची अमेरिकेची ‘फीनिक्स’, पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून सुखरूप सुटलेली. अर्जेंटिनाने विकत घेतल्यावर तिचं नाव ‘१७ ऑक्टोबर’ ठेवलं, कारण तो राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या समर्थकांचा दिवस. १९५५ मध्ये लष्कराने पेरोन यांची सत्ता उलथवली आणि ते नाव पुसलं गेलं. राजकारणातून आलेलं नाव राजकारणाबरोबरच जातं. सोव्हिएत संघाची एक विमानवाहू नौका तर दहा वर्षांच्या आत ‘रिगा’, ‘लिओनिद ब्रेझनेव’, ‘त्बिलिसी’ आणि शेवटी ‘अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव’ इतक्या नावांतून गेली. दिवंगत सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांची पत उतरली, तसं त्यांचं नावही उतरवलं. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी नव्या विमानवाहू नौकेला ‘रिशलिय’ हे नाव ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी पंतप्रधान शिराक यांनी ते बदलून ‘शार्ल द गोल’ केलं. नौका अजून कागदावर होती आणि तिच्या नावावरून राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात ओढाताण झाली होती.

सगळ्यात वाईट प्रकार जिवंत राजकारण्यांचं नाव देण्याचा. अमेरिकेत नौदलाला भरभरून निधी मिळवून देणारे माजी खासदार कार्ल विन्सन १९८० मध्ये आपल्याच नावाच्या विमानवाहू नौकेच्या जलावतरणाला हजर होते, वयाच्या ९६ व्या वर्षी. आजोबांचा आनंद समजू शकतो. पण ज्याच्या हातात नौदलाची तिजोरी होती त्याचं नाव नौकेवर, हे मला तरी खुशामतीपलीकडे काही वाटत नाही. तिथल्या पाणबुड्यांना पूर्वी माशांची नावं असत, नंतर शहरांची आली. ‘मासे मतदान करत नाहीत’ हे त्यावरचं स्पष्टीकरण अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या नावावर सांगितलं जातं. निदान ते खरं बोलले. मग तर ताळतंत्रच सुटलं. सीवुल्फ वर्गाच्या अवघ्या तीन पाणबुड्या आहेत: ‘सीवुल्फ’, ‘कनेक्टिकट’ आणि ‘जिमी कार्टर’. एक मासा, एक राज्य, एक माजी राष्ट्राध्यक्ष. तिन्ही सख्ख्या बहिणी आहेत हे नावांवरून ओळखून दाखवा.

तेव्हा माणसांची नावं नकोतच का? नाही, इथे मी एक दार उघडं ठेवतो. ज्या माणसाने स्वतः समुद्रावर तोच धोका पत्करला, त्याचं नाव चालेल. डोरिस मिलर हा अमेरिकी नौदलातला कृष्णवर्णीय खलाशी. काम अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात. तोफा चालवायचं शिक्षण त्याच्यासारख्यांना देतच नसत. पर्ल हार्बरच्या दिवशी त्याने आपल्या जखमी कॅप्टनला हलवायला मदत केली आणि मग विमानविरोधी मशिनगन हाती घेऊन मारा केला. १९४३ मध्ये तो दुसऱ्या एका नौकेबरोबर बुडाला. २०२० मध्ये एका भावी विमानवाहू नौकेला त्याचं नाव जाहीर झालं. त्या नावापुढे ‘बुडाली’ लावून बघा. वाईट वाटेल, अपमान वाटणार नाही. कारण ते नाव आधीच एकदा तिथे जाऊन आलंय. ‘द सलिव्हन्स’ या विनाशिकेचंही तसंच. १९४२ मध्ये ‘जुनो’ या क्रूझरबरोबर पाच सख्खे भाऊ गेले, त्यांचं ते आडनाव.

भारतीय नौदलाने या पेचावर काढलेला तोडगा मला फार आवडतो, आणि ‘महाराजांचं नाव नौकेला का नाही?’ असं रागावून विचारणाऱ्यांना तो माहीत नसतो. नौदलात ‘आयएनएस शिवाजी’ आहे, लोणावळ्याला. अभियांत्रिकीचं प्रशिक्षण तिथे होतं. ‘आयएनएस आंग्रे’ आणि केरळच्या कुंजली मरक्कार या आरमारी सेनानींच्या नावाची ‘आयएनएस कुंजली’ मुंबईत आहेत. हे सगळे जमिनीवरचे तळ. जमिनीवरचा तळ बुडत नाही, आणि पंचवीस-तीस वर्षांनी भंगारवाल्याला विकायची वेळही येत नाही. पहिली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तोडायला गेली आणि तिचं काही पोलाद पुढे मोटारसायकलींत वापरलं गेलं. विक्रांत या नावाला ते सोसलं. तिथे एखाद्या महापुरुषाचं नाव असतं तर लिलावाच्या बातमीवर किती मोर्चे निघाले असते याची कल्पना करा.

शांततेच्या काळातसुद्धा नौकांना अपघात होतात. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘बेतवा’ ही फ्रिगेट चक्क एका कुशीवर आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. दुःख झालं, चौकशी झाली. बेतवा नदीची अब्रू गेली असं मात्र कुणालाच वाटलं नाही. म्हणून नद्या, डोंगर, शस्त्रं, मासे मला पसंत. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री. तलवार, त्रिशूल, तेग. जपानच्या शाही नौदलाने हे प्रकरण फार देखणेपणाने सांभाळलं होतं. बॅटलशिप म्हणजे सर्वांत मोठ्या तोफांच्या युद्धनौकांना जुन्या प्रांतांची नावं, जड क्रूझरना डोंगरांची, हलक्या क्रूझरना नद्यांची, आणि विनाशिकांना वारा, पाऊस, धुकं, लाटा यांची. नाव ऐकलं की नौकेचा प्रकार कळावा. ‘कागा’ ही विमानवाहू नौका असून तिला प्रांताचं नाव का, तर ती आधी बॅटलशिप म्हणून बांधायला घेतली होती. रूप बदललं, नाव राहिलं.

फुशारकीच्या नावांपासून जरा जपून. ब्रिटिशांची ‘इन्व्हिन्सिबल’, म्हणजे अजिंक्य, ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत फुटून दोन तुकडे झाली. हजाराहून अधिक माणसांतले फक्त सहा वाचले. ‘अजिंक्य बुडाली’ हे वाक्य शत्रूने लिहायचीसुद्धा गरज नव्हती. उलट याच नौदलाने दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या छोट्या कॉर्व्हेटना चक्क फुलांची नावं दिली. ‘ग्लॅडिओलस’ने १९४० मध्ये एक जर्मन पाणबुडी बुडवायला हातभार लावला आणि पुढच्या वर्षी ती स्वतः सगळ्या खलाशांसह नाहीशी झाली. फुलाचं नाव म्हणून त्या शौर्यात काही कमी पडलं असं मला दिसत नाही.

नावाचा उच्चार हाही एक मुद्दा आहे, आणि समित्या तो विसरतात. खलाशी नावाचं काय करतील हे आधी ऐकून पाहावं. चर्चिल नौदलमंत्री असताना त्यांनी एका बॅटलशिपला ‘पिट’ हे पंतप्रधानांचं नाव सुचवलं. राजा पाचवा जॉर्ज स्वतः नौदलात वाढलेला. खलाशी याला कुठला शिवराळ इंग्रजी शब्द जुळवतील हे त्याने बरोबर ओळखलं आणि नकार दिला. त्याआधी चर्चिलनी ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ सुचवलं होतं. राजाचं डोकं उडवणाऱ्याचं नाव राजाच्या नौकेला! चर्चिलना हे कसं सुचलं कोण जाणे.

चांगल्या नावाची आणखी एक खूण म्हणजे ते पुन्हा वापरता येतं. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला तिच्याबरोबर गेले. १९८९ मध्ये नवी ‘खुकरी’ नौदलात आली. शत्रूने नौका नेली, नाव त्याला नेता आलं नाही. अमेरिकेने तर एकदा मित्रदेशाच्या नौकेचं नाव उचललं. ऑस्ट्रेलियाची ‘कॅनबेरा’ १९४२ मध्ये अमेरिकी ताफ्याबरोबर लढताना गेली, तेव्हा त्यांनी आपल्या नव्या क्रूझरला तेच नाव दिलं. आणि २०२३ मध्ये त्या नावाची पुढची नौका थेट सिडनीत जाऊन नौदलात दाखल केली. मैत्रीचे करार पुष्कळ होतात, असं नाव क्वचित ठेवलं जातं. याच्या उलट ब्रिटिशांची ‘एजिनकोर्ट’. फ्रेंचांच्या १४१५ मधल्या पराभवाची आठवण देणारं हे नाव एका नव्या पाणबुडीला ठरलं होतं, आणि फ्रान्स आता मित्र. २०२५ मध्ये ते बदलून ‘अकिलिस’ केलं. काहींनी त्यावर आरडाओरडा केला. मला बदल पटला, कारण १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मनांशी लढलेल्या क्रूझरचं ते नाव.

तीच क्रूझर १९४८ मध्ये भारताकडे आली आणि तिचं नाव झालं ‘दिल्ली’. आता तुम्ही मला पकडणार हे ठाऊक आहे: राजधानीचं नाव माझ्या कसोटीवर कसं उतरतं? उतरत नाही. मॉस्कवाला जे लागू ते दिल्लीलाही लागू. पण पहिली ‘दिल्ली’ १९७८ पर्यंत चालली, दुसरी १९९७ मध्ये आली, आणि ते नाव आता नौदलाच्या अंगवळणी पडलंय. बदला असं मी म्हणणार नाही. मला विचाराल तर अलीकडच्या ‘मोरमुगाओ’, ‘इंफाळ’, ‘सुरत’ या निवडी जास्त चांगल्या आहेत. त्या शहरांना आपल्या नौकेचं कौतुक आहे, आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर ‘देश बुडाला’ असा मथळा कुणाला देता येणार नाही.