आमची वाटचाल : खांब सरकवून दाखवणारं ऑफिस

1998 साली कोल्हापुरात आरसीसी कन्सल्टंटचा (इमारतीचे खांब-तुळया किती मजबूत हव्यात याचं गणित करणाऱ्याचा) बोर्ड लावला तेव्हा भांडवल म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, रोट्रिंगची पेनं, कॅसिओ आणि एसपी-16 या काँक्रीट डिझाइनच्या तक्त्यांच्या पुस्तकाची झेरॉक्स. फ्रेम (खांब-तुळयांचा सांगाडा) कानीच्या पद्धतीनं, म्हणजे आकडे पुन्हा पुन्हा सुधारत, हातानं सोडवायची. आर्किटेक्टनं एक कॉलम हलवला की कागद फाडून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आमची पिढी कॉलम हलवायला सहसा ‘हो’ म्हणत नसे, आणि लोक म्हणायचे, साहेबांना गर्व आहे.

मग स्टॅड हे हिशोब करणारं सॉफ्टवेअर आलं. जॉइंट, मेंबर (सांगाड्यातला एकेक दांडा), लोड टाइप करा, रन द्या, आउटपुटची पानं चाळा. बंगले, अपार्टमेंट, मंगल कार्यालयं, शेडं. बरीच वर्षं त्यावर घर चाललं.

सांगण्यासारखं सुरू झालं ते रायनो-ग्रासहॉपर या त्रिमितीय ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करंबा घेतल्यावर. व्हिएन्नात क्लेमेन्स प्राइसिंगर यांनी बोलिंगर-ग्रोमान या कन्सल्टंट कंपनीसोबत केलेलं हे साधन. स्लायडर ओढला की नोड (सांधा) सरकतो आणि त्याच क्षणी मोमेंट (वाकवणारा जोर), डिफ्लेक्शन (वाक) बदललेलं दिसतं. यात जादू नाही. आपल्या शेडाएवढ्या फ्रेमचं स्टिफनेस मॅट्रिक्स (ताठपणाची समीकरणं) आजचा संगणक डोळ्याची पापणी लवण्याआधी सोडवतो. पण त्यामुळे ‘हलवलं तर काय होईल’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

हे पहिल्यांदा ओळखलं ते शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या आण्णांनी. फौंड्रीवाले, शिक्षण जेमतेम. क्रेनचं शेड वाढवायचं होतं, आणि भट्टीसमोरचा एक खांब त्यांच्या डोळ्यात सलत होता. “इंजिनेर, ह्यो खांब काढा की. लॅडल फिरवायची कशी?” (लॅडल म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं.) मॉडेलमध्ये खांब काढून दाखवला. गँट्री गर्डरचा (क्रेन जिच्यावरून धावते त्या तुळईचा) स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, सहाचा बारा मीटर. क्रेनच्या एका चाकाच्या भारापुरतं बघितलं तरी मोमेंट दुप्पट आणि डिफ्लेक्शन आठपट. स्क्रीनवर गर्डर लालभडक, म्हणजे भार झेपत नाही. आण्णा गप्प. मग म्हणाले, “बरं, सरकंल का?” एक मीटर सरकवला, सात आणि पाच. सात मीटरच्या गर्डरला एक साइज वरचं सेक्शन घेतलं आणि भागलं. क्रेनचा 25 टक्के इम्पॅक्ट (हादऱ्याचा जादा भार) आणि आडवा 10 टक्के सर्ज (हिसका) धरूनच हं.

त्याच दिवशी त्यांना वारंही दाखवलं. आपल्याकडे बेसिक वेग 39 मीटर प्रति सेकंद धरतो. त्याचा मूळ दाब चौरस मीटरला सुमारे 90 किलो, आणि पत्रा-पर्लिनचं (पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्यांचं) वजन पंधराच्या आसपास. वाऱ्याची लोड केस चालू केली की ट्रसच्या (छपराच्या कैचीच्या) बॉटम कॉर्डचा, म्हणजे खालच्या दांड्याचा, रंग पालटतो. ताणातला मेंबर दाबात जातो. “म्हंजे छप्पर वर उचलतंय!” त्यानंतर आण्णांच्या फॅब्रिकेटरनं बॉटम कॉर्डचे टाय (त्याला बाजूनं धरणारे दांडे) गाळायची हिंमत केली नाही.

आता दुसरी बाजू. गावातल्या एका सल्लागाराला (नाव घेत नाही, घेण्याची लायकी नाही) आमचं हे काम व्हिडिओ गेम वाटायचं. आर्किटेक्टांच्या चहात तो असंच सांगत फिरायचा. तेवढ्यात एका शिक्षण संस्थेचा हॉल आला. तीस मीटर, मध्ये खांब नाही, वर हलकं छप्पर. विश्वस्तांना बसवून पूर्ण दुपारभर मॉडेल हलवलं. ट्रसची खोली 1.8 मीटरची 2.4 केली की कॉर्डमधला फोर्स पाऊणपट होतो, पण बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला पडदा दिसत नाही. मधला मार्ग काढला. प्रोजेक्टर रूमसाठी ट्रसचे टोकाचे पॅनल (दोन सांध्यांमधले भाग) आखूड केले. मंडळींनी मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला, ‘कळवतो’ म्हणाले.

कळवलं नाहीच. काम त्या सल्लागाराला गेलं, निम्म्याहून कमी फीमध्ये. मागोमाग त्या हॉलचा आर्किटेक्टही तिकडे गेला, आणि आमचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. मुलांचे पगार थकले, एक ड्राफ्ट्समन सोडून गेला, गाळा परत करायची बोलणी झाली. आण्णांनी दुसऱ्या शेडचा अ‍ॅडव्हान्स त्या महिन्यात दिला, तेव्हा त्यांनी जागासुद्धा घेतलेली नव्हती.

मित्रांनो, तुम्हाला कुणी विचारलं नसेल तरी सांगतो. अ‍ॅडव्हान्सशिवाय लाइव्ह मॉडेल उघडू नका. पहिल्या तासातच डिझाइनचा जीव बाहेर येतो. पूर्वी तो आपल्या कागदात राहायचा, आता गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जातो. आणि हिरवा रंग म्हणजे पास नव्हे. आम्ही वापरतो ते लाइव्ह मॉडेल साधं लिनिअर (भार दुप्पट तर परिणाम दुप्पट) असतं. मेंबरची इफेक्टिव्ह लेंथ (दाबात वाकण्याच्या हिशोबाची लांबी), जोड, बोल्ट, अँकर हे सगळं आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे नंतर बसून करायचंच असतं. आम्ही शेवटचा रन आजही वेगळा देतो.

त्या हॉलचं काम आण्णांच्याच फॅब्रिकेटरला मिळालं. ड्रॉइंग घेऊन तो आमच्याकडे आला. पॅनलची लांबी तीच, नोड तेच, टोकाचे आखूड पॅनलसुद्धा तेच. प्रोजेक्टर रूम मात्र दरम्यान रद्द झालेली! आखूड पॅनलचं कारणच उरलं नव्हतं, तरी ते तसेच उतरवलेले. बॉटम कॉर्डचे टाय कुठेच नव्हते, कारण त्या दुपारी आम्ही मॉडेलमध्ये ते अजून घातलेच नव्हते. “साहेब, वाऱ्यात हे उचलणार ना?” असं त्यानं विचारलं. आम्ही टायची जागा, साइज काढून दिली आणि सल्लागाराला लेखी कळवायला लावलं. दोन दिवसांत सुधारित ड्रॉइंग आलं, खाली सही त्याची. टाय बसले.

त्या टायच्या डिझाइनचं बिल आम्ही संस्थेला पाठवलं. रक्कम किरकोळ आहे. दर मार्चला स्मरणपत्र जातं.