ओले पाय, कोरडे मोजे

औरंगाबादला तेव्हा औरंगाबादच म्हणत. शहरातल्या काही हौशी मंडळींनी ट्रायथलॉन भरवायचं ठरवलं. आधी ७५० मीटर पोहायचं, मग २० किलोमीटर सायकल, शेवटी ५ किलोमीटर पळायचं. मी लगेच नाव दिलं, कारण यात नवीन काय, हेच कळेना. पोहायला चुलत्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून शिकवलं होतं. अख्खी शाळा सायकलवर झाली होती. आणि ज्यानं गावाकडची एसटी पकडली आहे, त्याला पळायला वेगळं शिकावं लागत नाही.

विहिरीत माणूस गोल पोहतो आणि दमला की कपारीला धरून गप्पा मारतो, एवढं मात्र ध्यानात आलं नव्हतं. त्यात आमच्याकडची विहीर. पाऊस बरा झाला तर पोहणं, नाहीतर तळाशी बादली खरवडायची. इथं २५ मीटरच्या तलावात तीस खेपा मारायच्या होत्या. मोजायला वही घेतलेला एक शाळकरी पोरगा. माझ्या हिशेबानं तीस झाल्या, त्याच्या वहीत अठ्ठावीस. वाद घालण्याइतका दम उरला नव्हता, म्हणून दोन मारून टाकल्या.

खरी परीक्षा बाहेर होती. मंडपवाल्याचे बांबू आणि सुतळी लावून पार्किंगमध्ये एक चौक आखला होता. त्याला ट्रान्झिशन म्हणतात, हे सकाळीच समजलं होतं. तिथं आमची सायकल, बूट, मोजे आणि शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं हेल्मेट. ओल्या पायात मोजा घालून बघितलाय कधी? अंगठ्यापाशी अडकतो, ओढला की टाच वर येते, सोडला की पुन्हा गुंडाळी. एका पायावर उड्या मारत मी त्या सुतळीला धरलं, तर बांबूच माझ्याकडे झुकला. बायको पलीकडून पंचा हलवत ओरडत होती, "अहो, आधी पाय तर पुसा!" स्पर्धकानं बाहेरची मदत घ्यायची नाही, असा या खेळाचा नियम आहे. पण तो तिलाही माहीत नव्हता आणि शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पंचालाही नसावा, कारण पंचा आत यायला त्यानंच वाट करून दिली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या दिशेनं गेलो आणि किल्ल्याचा डोंगर नजरेत भरू लागला तिथून वळलो. येताना वारा समोरून. सायकलवरून उतरलो तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. पळतोय मी, पण पाय दुसऱ्याच कुणाचे. विद्यापीठाच्या बाजूच्या चढावर एका आजोबांनी विचारलं, "कामून पळू राह्यले? बस गेली का?" मी मान हलवली. मकबऱ्याचा घुमट दिसत होता, त्याच्याकडे बघत उरलेलं रेटलं.

पुढं कधीतरी या खेळाच्या जन्माची हकीकत वाचली. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बेवर जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी ती शर्यत भरवली. ४६ जण उतरले. ट्रॉफी करणाऱ्यानं 'ट्रायथलॉन'चं स्पेलिंग विचारलं, तर शब्द डिक्शनरीत सापडेना. पोहणं त्यांनी शेवटाकडे ठेवलं होतं. संध्याकाळ झाली म्हणून मागे राहिलेल्यांसाठी गाड्यांचे दिवे पाण्यावर सोडले. हे सगळं छानच, पण मी अडकलो ते वेगळ्याच गोष्टीवर: पळण्यातले सुमारे दोन मैल त्यांनी वाळूत आणि गवतावर अनवाणीच ठेवले होते. म्हणजे मोज्याची भानगड त्यांना आधीच कळली होती! आमच्यापर्यंत खेळ आला, शहाणपण वाटेतच राहिलं.

आता खेळाडू बुटात टाल्कम पावडर टाकतात, मोज्याला फाटाच देतात, आणि या कपडे-बूट बदलण्याला तिसऱ्यानंतरचा चौथा खेळ म्हणतात. बदलायला लागलेला वेळ शर्यतीच्या वेळात धरतात, ही त्यातली मेख.

मला निकालाचा हातानं लिहिलेला कागद मिळाला होता. पोहण्याचा, सायकलचा, पळण्याचा असा प्रत्येकाचा वेळ, खाली एकूण. बायको हिशेबाला पक्की. संध्याकाळी चहा घेताना तिनं बेरीज केली, पुन्हा केली.

"अहो, एकूणात चार मिनिटं जास्त धरलीत. ही कुठं गेली?"

मी गॅलरीकडे बघितलं. मोजे दोरीवर वाळत होते.