तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा मेकअपमध्ये भागतं कसं?

"ताई, तुमच्याकडे मेकअपचं एवढंसंच सामान, मग भागतं कसं? आणि आधीचं सगळं गेलं कुठे?" हे मला लग्नात विचारतात, ऑफिसात विचारतात, भुसावळची नणंद तर फोन केला की विचारतेच. घरातल्या, भावकीतल्या मुलींना हळदीला-लग्नाला मीच तयार करून देते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिच्याकडे कपाटभर सामान असणार, आणि मी पर्समधून एक चेनचा पाउच काढला की बघतच राहतात. उभ्या उभ्या प्रत्येकीला अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

सगळ्यात आधी ऊन. मोबाईलवर मेकअप शिकवणाऱ्या मुली एसीच्या खोलीत बसलेल्या असतात, त्यांचं सामान टिकत असेल, पण आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, स्लॅब रात्री बारापर्यंत गरम असतो, दुपारी लाइट गेली की कूलरही बंद, आणि ड्रेसिंग टेबल बऱ्याच घरांत नेमकं पश्चिमेच्या भिंतीला. त्या ड्रॉवरमध्ये आत काय होतं ते एकदा दुपारी चारला उघडून बघा. लिपस्टिक म्हणजे शेवटी मेण आणि तेल, बहुतेक लिपस्टिकमध्ये एरंडेल असतंच, तर उन्हाळ्यात त्या कांडीवर बारीक बारीक थेंब येतात, घाम आल्यासारखे, ते आतलं तेल वर आलेलं असतं. नुसते थेंब असतील तर टिश्यूने टिपून गार जागी ठेवली की चालते, पण नाकाजवळ नेल्यावर जुन्या खोबरेल तेलासारखा खवट वास आला तर ती गेलीच समजा. फाउंडेशनचं तर त्याहून वाईट, वर पाणी आणि खाली चिखल, कितीही हलवा, चेहऱ्यावर डागडाग दिसतात. सनस्क्रीनही तसंच, ते स्कूटीच्या डिक्कीत ठेवून फिरणाऱ्या मुली मी रोज बघते, अगं ज्या उन्हापासून वाचायला ते घेतलंय त्याच उन्हात ते उकळतंय, मग ते काय वाचवणार!

आता मला जे खरं सांगायचंय ते हे. आपण खान्देशातल्या बायका साठवणाऱ्या आहोत, आणि ते चांगलंच आहे. उन्हाळा लागला की वर्षाचे पापड, बिबडे, कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट, दादर ज्वारी आणि गहू वाळवून कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. घरात भरलेलं असलं की जिवाला बरं वाटतं. त्याच हाताने आपण मेकअपही भरून ठेवतो, सेल आहे ना, घेऊन ठेवू, लागेल कधीतरी. पण धान्य नीट ठेवलं तर वर्ष निघतं आणि घर खातं. लिपस्टिक कोठीत टिकत नाही आणि खाणारं तोंडही एकच. म्हणून माझा एकच नियम आहे, पुढच्या आखाजीच्या आत संपेल तेवढंच घरात. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, म्हणजे खरं ऊन तापायच्या तोंडावर जुनं संपलेलं पाहिजे. बाकी सगळं याच्यातूनच येतं.

संपतं किती, याचा हिशोब कुणी करत नाही म्हणून सांगते. एका वेळी ओठांना साधारण १० मिलिग्रॅम लिपस्टिक लागते. नेहमीच्या कांडीत साडेतीन ग्रॅम असते, म्हणजे झाल्या ३५० वेळा. रोज सकाळी एकदा लावणाऱ्या बाईला एक लिपस्टिक जवळजवळ वर्षभर पुरते, आणि तीही पूर्ण वापरली तर, कारण कांडी संपली असं वाटतं तेव्हा खाली नळीत बरीच शिल्लक असते, ती ब्रशने किंवा इअरबडने निघते. आणि उघडल्यावर लिपस्टिक टिकते वर्ष-दोन वर्षं. आता ज्यांच्याकडे दहा-बारा शेड आहेत त्यांनी मनात गुणाकार करा. त्या संपूच शकत नाहीत हो, रोज लावल्या तरी नाहीत. हे डोक्यात बसल्यावर नवीन शेड बघून हात आपोआप थांबतो, मनाला आवर वगैरे घालावा लागत नाही.

बाकीच्या गोष्टी कधीपर्यंत वापरायच्या ते डबीवरच असतं. मागे एक उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६एम, १२एम असं लिहिलेलं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. आणि वेगळी एक्स्पायरी किंवा 'यूज बिफोर'ची तारीख असते, ती न उघडलेल्या मालाची. दोन्ही बघायच्या, जी आधी येईल ती खरी. मस्कारा सगळ्यात लवकर जातो, तीन महिने, फार तर सहा, कारण काडी डोळ्याला लागून परत त्याच ओल्या नळीत जाते आणि जंतू आत वाढतात. पातळ आयलायनरचंही तेच. पावडर, कॉम्पॅक्ट कोरडे असतात, दोन वर्षं निघतात. फाउंडेशन सहा महिने ते वर्ष. आणि हे सगळं गार, कोरड्या जागी ठेवलं तर. माझं मी मातीच्या फरशीच्या आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवते, आणि काहीही नवीन उघडलं की त्याच्या तळाला परमनंट मार्करने महिना-वर्ष लिहिते. कुठला महिना होता ते आठवत बसायला नको.

आवरायला बसाल तेव्हा सगळं एकदम बाहेर काढा. सगळं म्हणजे सगळं, पर्समधलं, ऑफिसच्या ड्रॉवरमधलं, प्रवासाच्या बॅगेतलं, देवघराच्या फळीवरची काजळाची डबीसुद्धा. जुनी चादर अंथरून त्यावर एकसारख्या वस्तू एकत्र लावा, लिपस्टिक लिपस्टिकजवळ, काजळ काजळाजवळ. असं मांडलं की कळतं, आपल्याकडे वेगवेगळ्या लिपस्टिक नसतातच, एकच मरून किंवा एकच मातकट गुलाबी पाच कंपन्यांची असते. मी आवरायला बसले तेव्हा अमळनेरची मामी शेजारी बसली होती, ती अहिराणीत म्हणाली, "इतलं कसाले लागस व माय?" म्हणजे एवढं कशाला लागतं गं बाई? मी काही बोलले नाही, हातातल्या दोन शेड मनगटावर ओढून तिला दाखवल्या, तिलाही फरक दिसेना, मलाही दिसेना. मग त्यातली एक ठेवायची, जी सगळ्यात जास्त झिजलेली आहे ती. झिजलेली आहे म्हणजे ती तुम्हाला खरंच आवडते, महागडी कुठली आहे ते बघू नका.

आता गेलं कुठे ते. इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. तारीख गेलेला, वापरलेला मेकअप घरकामाच्या मावशींना देऊ नका. फार घरांत हे होतं आणि वर दान केल्याचं समाधानही असतं. जे आपण आपल्या डोळ्याला लावणार नाही ते दुसऱ्या बाईच्या डोळ्याला कसं चालेल? काजळ-मस्काऱ्यातून डोळे येतात, वापरलेल्या लिपस्टिकमधून ओठांवरच्या तापाच्या फोडांचा विषाणू जातो, आणि दवाखान्याचा खर्च तिला आपल्यापेक्षा जड. द्यायचं तर न उघडलेलं, तारीख बाकी असलेलं, आणि आवडेल का विचारून. आमच्या नात्यातली एक मुलगी आयटीआयला बेसिक कॉस्मेटॉलॉजी करतेय, तिला न उघडलेल्या पावडरी, ब्रश, बंद पॅलेट दिल्या, ब्रश आधी शाम्पूने धुऊन, सावलीत आडवे वाळवून. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरून केस गळतात.

टाकायचं तेही नीट टाका. नेलपॉलिश आणि रिमूव्हर बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते पेट घेणारं असतं, झाकण घट्ट लावून वेगळ्या पिशवीत, घंटागाडीवाल्या दादांना तोंडाने सांगून द्यायचं. क्रीम-फाउंडेशन जुन्या पेपरवर पिळून काढायचं आणि बाटली सुक्या कचऱ्यात. वेळ लागतो, पण मोरीत ओतलेलं शेवटी गटारीतून नदीलाच जातं.

राहिलं काय? सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट, काजळ, रोजची एक लिपस्टिक आणि समारंभाची एक, टिकल्यांचं पाकीट. फाउंडेशन मी ठेवलंच नाही. आपल्याकडे घराबाहेर पडताना स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधला जातो, डोळे तेवढे उघडे, हातात मोजे, अंगात सनकोट. जळगावच्या आकाशवाणी चौकापर्यंत जाऊन स्कार्फ सोडला की चेहऱ्यावरचं अर्धं फाउंडेशन कापडावर असतं, आणि उरलेलं घामात. त्यासाठी सात-आठशे रुपये मोजायचे आणि मग स्कार्फ धुवायला साबण वेगळा! त्यापेक्षा पोहोचल्यावर आधी घाम टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही, टिपायचा, आणि मग कॉम्पॅक्ट फिरवायचा, घामावर पावडर थापली की पांढरे थर दिसतात. तीच लिपस्टिक बोटाने गालावर ठिपका देऊन पसरवली की ब्लश वेगळं लागत नाही.

मग नवरीला कशी तयार करते? नवरीचंच सामान वापरून. बस्त्याच्या वेळीच मुलीला घेऊन जाते, तिच्या रंगाला शोभेल असं तिचं फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक घ्यायला लावते, ते तिचंच राहतं, लग्नानंतर ती वापरते. बाकीच्या बायकांना लावायचं तर लिपस्टिकचा पापुद्रा आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने खरवडून स्टीलच्या झाकणावर घ्यायचा आणि तिथून ब्रशने, प्रत्येकीला धुतलेला ब्रश. कांडी कुणाच्याच ओठाला लावायची नाही. आणि बस्त्यात ते मोठ्ठं मेकअप किट देतात ना, आरसा लावलेलं, शंभर रंगांचं, ते कृपा करून बंद करा. आयशॅडोचे ते निळे-हिरवे रंग कुठलीच सून कधी वापरत नाही, आणि तारीखही बऱ्याचदा नीट छापलेली नसते. त्याच पैशात तिला विचारून चार चांगल्या वस्तू येतात.

पैशाचं विचारलंत तर, हो, वाचतात, पण कशाने वाचतात ते वेगळं आहे. महाग घ्यायचं बंद करून फार वाचत नाही, "आणखी दोनशेचं घ्या, डिलिव्हरी फ्री" याला नाही म्हटल्याने वाचतात. घरपोच यायचे पन्नास रुपये वाचवायला आपण दोनशेची नको असलेली वस्तू घेतो. मी अॅपचे नोटिफिकेशन बंद केलेत आणि हवं ते वहीत लिहून ठेवते, पगार झाल्यावर वही बघते, बऱ्याच ओळी तेव्हा मीच खोडते. पाकिटावर एमआरपीजवळ हल्ली पुष्कळदा एका ग्रॅमचा भावही छापलेला असतो, तो वाचा, छोटी गोंडस लिपस्टिक स्वस्त वाटते पण ग्रॅमने बऱ्याचदा दुप्पट पडते (संपायची शक्यता मात्र तिचीच जास्त, म्हणून समारंभाची शेड मी छोटीच घेते). लिपस्टिक-फाउंडेशनवर १८ टक्के जीएसटी आपण भरतो, आणि कुंकू, टिकली, सिंदूर, आळता यांच्यावर तो शून्य आहे. काजळाच्या डबीवर नाही, पेन्सिलवर आहे. आपल्या आयाबायांच्या फणेरपेटीतलं बहुतेक सामान अजून करमुक्त आहे याचा मला फार आनंद होतो. वाचलेल्याचं मी पोस्टात आरडी काढलंय, महिना शंभर रुपयांपासून काढता येतं, पाच वर्षांचं. भिशीही चालते, पण भिशीचे पैसे हातात आले की खर्च होतात, आरडीचे होत नाहीत, हा माझा अनुभव.

नवीन काही घेतच नाही का, असंही विचारतात. घेते की. संपलं की घेते, आणि जळगावच्या फुले मार्केटला जाऊनच घेते, कारण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच शेड छान दिसतात, मनगटावर लावून बाहेर उजेडात यावं लागतं, आणि घाम आल्यावर पाच मिनिटांत तिचं काय होतं तेही कळतं. दुपारी जाऊ नका, सकाळी अकराच्या आत किंवा सहानंतर. जाताना संपलेली डबी बरोबर न्या, शेडचा नंबर तळाला असतो, मी मार्करने तारीख लिहिताना तो झाकला जाणार नाही एवढं बघते, तुम्हीही बघा.