पेपरात हात थांबतो

आज संध्याकाळी नौपाड्यात भाचीला क्लासमधून आणायला गेले. सातवीत आहे. जिन्यात एक काकू कुणाला तरी सांगत होत्या, "मुलींना भाषा जमते, गणित मुलांनाच." भाची माझ्या शेजारीच उभी. तलावपाळीपर्यंत गप्प. मग म्हणाली, "मावशी, घरी सगळं येतं गं, पेपरात हात थांबतो."

पोटात कालवलं.

1999 मध्ये स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. गणितात पक्क्या मुलामुलींना अवघड पेपर दिला. यात मुलं-मुलींत फरक दिसतो असं आधी सांगितलं, तर मुली मागे पडल्या. दिसत नाही म्हटलं, तर बरोबरीला आल्या. (नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम इतका ठळक नव्हता, हेही सांगायला हवं.)

तिला मी इराणच्या गणितज्ञ मरियम मिर्झाखानींबद्दल सांगितलं. सहावीत गणितात मागे, कारण बाईंना त्यांच्यात काही खास वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी धीर देणाऱ्या बाई मिळाल्या. गणितातल्या मोठ्या मानाच्या, 1936 पासूनच्या फील्ड्स पदकाची पहिली महिला मानकरी, 2014 मध्ये, त्याच!

"म्हणजे सातवीत?" भाचीनं विचारलं. तिथेच कट्ट्यावर बसून तिनं वही उघडली.