अठरा, अठरा, अठरा

मी जिथे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला त्या हॉस्पिटलात कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) उघडा, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १८. ताप चढलेल्याला १८, पोटाचं ऑपरेशन होऊन आलेल्याला १८, दम्याने धापा टाकणाऱ्या आजोबांना फार तर २०. मीही तेच लिहायचे. पहिल्या वर्षी मॅडमनी पूर्ण मिनिट मोजायला शिकवलं होतं आणि जर्नलमध्ये ते सुवाच्य अक्षरात उतरवलंही होतं. पण वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस पेशंट, त्यात राउंडची वेळ झालेली. बीपी आणि ताप तरी खरा लिहायचो. श्वास कोण मोजतंय?

आता इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये येऊन तीन वर्षं होतील. दर आठवड्याला गावाकडच्या एखाद्या मुलीचा मेसेज येतो, "ताई, तिकडे यायचं तर काय नवीन शिकावं लागेल?" व्हेंटिलेटर, मॉनिटर, रोबोट असलं काहीतरी उत्तर त्यांना हवं असतं. मी सांगते, श्वास मोजायला शीक. त्यांना वाटतं ताई टाळतेय.

इथे नर्स म्हणून नोंदणीसाठी संगणकावरची परीक्षा झाली की 'ओस्की' नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. त्यात दहा स्टेशन, म्हणजे दहा छोट्या चाचण्या, असतात. मी तयारी केली ती मोठमोठ्या आजारांची, आणि सरावात अडकले कुठे, तर पेशंटची जन्मतारीख न विचारता औषध द्यायला निघाले तिथे. शिकवणाऱ्या बाईंनी हातातला पेपर खाली ठेवला आणि इतकंच म्हणाल्या, "तू आत्ता कुणाला औषध दिलंस?" पुढे बराच वेळ मी बावळटासारखी पेशंटच्या जागी ठेवलेल्या बाहुलीकडे बघत होते.

वॉर्डात आल्यावर ओळख झाली न्यूज-२ ची. २०१२ साली इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, म्हणजे डॉक्टरांच्या संस्थेने, पेशंटची तब्येत बिघडतेय का ते वेळीच ओळखायला ही गुणपद्धत काढली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, पेशंट किती शुद्धीवर आहे ते आणि ताप या सहा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. शाळेत गुण जास्त मिळाले की आनंद, इथे उलटं. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टर बोलवायचा, सात झाली तर धावाधाव. मिनिटाला श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर एकट्या श्वासाचे तीन. म्हणजे १८ हा आकडा किती सोयीचा आहे बघा. तो लिहिला की गुणही नाही आणि काळजीही नाही.

पहिल्याच हिवाळ्यात, रात्रपाळीला, आतड्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेल्या एक आजी होत्या. कशा आहात विचारलं तर म्हणाल्या, "बिट पूअरली, लव्ह." इकडे लव्ह कुणालाही म्हणतात, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. आणि पूअरली म्हणजे आजारी, हे मला तोवर कळलं होतं. आल्या-आल्या मला वाटायचं, बाई पैशाची तंगी सांगतेय. बीपी ११८, एकदम छान. नाडी ९८, ताप ३८.२, ऑक्सिजन ९४. एकेक आकडा वेगळा पाहिला तर कुठलाच घाबरवणारा नाही.

नाडी मोजून झाल्यावर हात मनगटावर तसाच ठेवला आणि छातीकडे बघत श्वास मोजले. पेशंटला सांगून मोजले तर श्वास बदलतो, म्हणून ही चोरी. २६ आले. विश्वास बसेना, परत मिनिटभर मोजले. पुन्हा २६. श्वासाचे तीन, ऑक्सिजन, नाडी आणि ताप यांचा एकेक: बेरीज सहा. अठरा लिहिलं असतं तर बेरीज तीन झाली असती आणि मी पुढच्या बेडकडे गेले असते.

खरी परीक्षा पुढे होती, डॉक्टरला फोन. आपल्याकडे मी काय बोलले असते? "सर, सॉरी सर, त्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये सर." इथे फोनवर बोलायची घडी ठरलेली आहे, तिला एसबार म्हणतात. मी कोण आणि पेशंटला आत्ता काय होतंय, मागची हकीकत काय, मला काय आढळलं, आणि शेवटी मला तुमच्याकडून काय हवंय. पहिले तीन भाग मी घडाघडा म्हटले. चौथ्याला जीभ अडली. डॉक्टरला 'तुम्ही अर्ध्या तासात या' म्हणायचं? ज्या वॉर्डात आम्ही सर आले की भिंतीला चिकटून उभ्या राहायचो, तिथून आलेल्या मुलीने? फोनवर क्षणभर शांतता होती. मग म्हटलं एकदाचं. पलीकडून "ओके, येतोय" एवढंच आलं. आजींच्या फुफ्फुसात संसर्ग झाला होता. त्याच तासात रक्ताचे नमुने, अँटिबायोटिक, सलाईन सुरू झालं, सकाळी त्यांना जास्त देखरेखीच्या वॉर्डात हलवलं. आठवड्याने परत आमच्याकडे आल्या आणि चहा फारच पातळ आहे म्हणून कुरकुरल्या.

यावरून मी फार हुशार आहे असं वाटायला नको, म्हणून दुसरी गोष्ट सांगते. एकाच आडनावाचे दोन आजोबा. दुपारी बेड बदललेले. संध्याकाळच्या गोळ्यांच्या वेळी मी अमुक आजोबांचं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" त्यांनी हसून मान हलवली. त्यांचं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलं होतं. मी काहीही विचारलं असतं तरी ते हसलेच असते. हातात गोळ्यांचा कप देता देता मनगटावरचा पट्टा पाहिला, जन्मतारीख वेगळी. कपात साखर उतरवणारी गोळी होती आणि या आजोबांना डायबेटीस नव्हता. माझे पाय गार पडले.

'तुम्हीच ना?' हा प्रश्नच चुकीचा. 'तुमचं नाव सांगा, जन्मतारीख सांगा' असं विचारायचं आणि मग पट्ट्याशी ताडून बघायचं. ओस्कीत हेच तर घोटून घेतलं होतं! मी स्वतःच ती चूक संगणकावर नोंदवली. आता सगळ्यांसमोर वाभाडे निघणार म्हणून तयारीत बसले होते. वॉर्डच्या प्रमुख बाईंनी चहा पाजला आणि दुपारी बेड कोणी बदलले, फळ्यावर 'सारखं आडनाव' ही सूचना का नव्हती, एवढंच विचारलं. आमच्या ट्रेनिंगच्या काळात चूक सापडली की ड्युटीरूममध्ये इज्जतीचा पंचनामा व्हायचा, त्यामुळे मुली चुका सांगतच नसत, गिळत असत. इथल्या सगळ्याच गोष्टी चांगल्या आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही (रात्रपाळीला माणसं इथेही कमीच असतात), पण हे एक मला फार पटलं.

बाकी रोजचं. कोपराखाली हात उघडे: घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, फक्त साधी अंगठी चालते. आईने निघताना भरलेला चुडा पहिल्या दिवशी काढताना वाईट वाटलं होतं. घड्याळ छातीवर उलटं टांगलेलं असतं. आणि बेडजवळ जाताच आधी स्वतःचं नाव सांगायचं. ही आठवण याच यॉर्कशायरच्या डॉक्टर केट ग्रेंजर यांनी सगळ्यांना करून दिली. कॅन्सरने स्वतः पेशंट झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे कुणी नावच सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. माझं नाव इथे कुणाला धड उच्चारता येत नाही, तरी मी पूर्ण सांगते.

एक गोष्ट मात्र मी इथल्या मुलींना शिकवली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलताना टाचा, माकडहाड आणि खुबे बघायचे, कातडी लाल झाली असेल तर बोटाने दाबायची. बोट काढल्यावर ती जागा पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर बेडसोरची सुरुवात. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. आमच्याकडे एक गुजराती काका होते, विद्यार्थिनी म्हणाली, "लाली नाहीये, सगळं ठीक." मी तिचा हात त्यांच्या टाचेवर ठेवला. एक टाच कोमट, दुसरी चांगलीच गरम आणि कडक. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, ती हाताला लागते. आपल्या घरातल्या आजी-आजोबांनाही हेच लागू आहे. आणि त्यांना आडवं ठेवून चमच्याने पाणी पाजू नका हो. ताठ बसवा, एकेक घोट गिळू द्या, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा रात्री मेसेज आला. "ताई, पूर्ण मिनिट मोजले. २८ आले. वर सगळीकडे १८ लिहिलंय. मी काय लिहू?"

मी लिहिलं, "२८ लिही. आणि फोन ठेव, आधी सिस्टरना हाक मार."