तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन ऑपरेशनचा रिपोर्ट इंग्रजीत करताना

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: बी-टू पातळी झालीय, तिच्यावरची सी-वन चालू आहे, तर मेडिकल रिपोर्टचं भाषांतर जमेल का आणि शब्दकोश कुठला घ्यावा? जर्मनीत नोकरीला असलेला कुणीतरी गुडघ्याचं ऑपरेशन करून परत येतो, इथल्या ऑर्थोपेडिक सर्जनला ते कागद इंग्रजीत हवे असतात, आणि काम तुमच्याकडे येतं. तुमची जर्मन त्याला पुरते. शब्दकोशाचं मात्र फार मनावर घेऊ नका.

हातभर लांबीच्या शब्दांना घाबरायचं कारण नाही. त्यांची फोड होते, आणि शेपटाकडून वाचलं की काय केलं ते कळतं. लॅटिन-ग्रीक शब्द तर दोन्हीकडे जवळपास तेच. फसवतात ते साधे, घरगुती शब्द, कारण इंग्रजी सर्जन जिथे लॅटिन लिहील तिथे जर्मन सर्जन बिनधास्त बोलीतला शब्द लिहितो. 'ब्रुख' म्हणजे मोडणं, पण 'लाइस्टेनब्रुख' हा जांघेतला हर्निया, आणि 'नार्बेनब्रुख' म्हणजे जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून आलेला इन्सिजनल हर्निया. 'काहनबाइन' हे हाड हाताच्या रिपोर्टमध्ये असेल तर स्कॅफॉइड, पायाच्या असेल तर नॅव्हिक्युलर. 'काइलबाइन' हे हाड पायात क्युनिफॉर्म आणि कवटीत स्फेनॉइड! म्हणून आधी अवयव कुठला ते पाहा, मग शब्द.

घोट्याचं उदाहरण घ्या. 'ओबेरेस श्प्रुंगगेलेंक', कागदावर नुसतं ओएसजी. शब्दशः वरचा घोटा. इंग्रजीत त्याला फक्त अँकल जॉइंट म्हणतात, आणि 'उंटेरेस' म्हणजे खालचा तो सबटेलर जॉइंट. 'अपर अँकल जॉइंट' लिहिलंत की डॉक्टरला तिथेच कळतं, अनुवादकाने हाडांचं चित्र उघडून पाहिलेलं नाही.

हत्यारांचंही तसंच. 'हाकेन' म्हणजे हूक, पण 'लांगेनबेक-हाकेन' हा रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार. 'शार्फर ल्योफेल', म्हणजे धारदार चमचा, हा क्युरेट, खरवडायचं हत्यार. 'आनाटोमिशे पिन्त्सेटे' म्हणजे बिनदाताचा फोर्सेप्स (चिमटा) आणि 'किरुर्गिशे पिन्त्सेटे' म्हणजे दाताचा. तिथे 'ॲनाटॉमिकल' आणि 'सर्जिकल' लिहिलं तर नेमकी हवी ती माहिती गळते. टूर्निकेला, म्हणजे रक्तप्रवाह थांबवायच्या पट्ट्याला, जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. 'ब्लूटलेरे'मध्ये आधी पट्टी गुंडाळून हातापायातलं रक्त वर ढकलतात आणि मग कफ फुगवतात; 'ब्लूटश्पेरे'मध्ये नुसता कफ फुगवतात. इंग्रजीत टूर्निके लिहून पुढे 'विथ' किंवा 'विदाउट एक्सँग्विनेशन' जोडायचं.

खरा सापळा संक्षेपांचा. 'पीई' इंग्रजी डॉक्टर वाचेल पल्मनरी एम्बॉलिझम, म्हणजे फुफ्फुसात अडकलेली गुठळी. जर्मन सर्जनला म्हणायची असते 'प्रोबेएक्सत्सिझिओन', म्हणजे साधी बायॉप्सी. 'पीडीए' म्हणजे एपिड्युरल भूल, इंग्रजीतल्या पीडीएसारखा हृदयातला दोष नव्हे. 'टेप' (TEP) खुब्याच्या रिपोर्टमध्ये टोटल हिप रिप्लेसमेंट, आणि हर्नियाच्या रिपोर्टमध्ये पोटाच्या आवरणाबाहेरून जाळी बसवण्याची पद्धत, जी इंग्रजीतही टेपच. 'एचडब्ल्यूआय' लघवीचं इन्फेक्शन असेल किंवा हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका. बाकीचा कागद वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. एकही संक्षेप जसाच्या तसा इंग्रजीत ढकलू नका. सोडवून पूर्ण लिहा.

रिपोर्टची जर्मन तुटक असते. 'त्वचेवर छेद. खोलवर विच्छेदन. नर्व्हचं दर्शन.' नुसती नामं, क्रियापद नाहीच. इंग्रजीत ते भूतकाळी कर्मणी होतं: 'अ स्किन इन्सिजन वॉज मेड', 'द नर्व्ह वॉज आयडेंटिफाइड'. इथे 'रेव्हिझिओन' या शब्दापाशी थांबा. जर्मनमध्ये बऱ्याचदा त्याचा अर्थ आत उघडून नीट पाहणं, म्हणजे एक्सप्लोरेशन. इंग्रजीत 'रिव्हिजन' लिहिलं की आधीचं ऑपरेशन फसलं होतं असा वाचणाऱ्याचा समज होतो, आणि विम्याच्या कागदांत त्यावरून वांधे होऊ शकतात.

ऑपरेशननंतरच्या सूचनांना सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण फिजिओथेरपिस्ट त्यावरूनच पेशंटला चालवतो. 'बेलास्टुंग्सश्टाबील' म्हणजे बसवलेला रॉड किंवा प्लेट वजन पेलेल. 'युबुंग्सश्टाबील' म्हणजे सांधा हलवता येईल, पण त्यावर भार टाकायचा नाही. दुसऱ्याला इंग्रजीत चपखल एक शब्द नाही, तेव्हा वाक्यच लिहायचं: 'हालचालीसाठी स्थिर, वजन टाकण्यासाठी नाही' या अर्थाचं. दोन्हींना सरसकट 'स्टेबल' लिहून मोकळं होणं म्हणजे पेशंटला मोडलेल्या हाडावर उभं करणं. 'टाइलबेलास्टुंग २० किलो' असेल तर पार्शियल वेट-बेअरिंगसोबत ते २० किलोही आलेच पाहिजेत.

मग आकडे. जर्मन स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशबिंदू: २,५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच. उलट १.५०० मिलिलिटर म्हणजे दीड लिटर. ०३.०४.२०२४ हे ३ एप्रिल. अमेरिकन वाचकासाठी महिना अक्षरातच लिहा. नळ्यांचं माप शारिएरमध्ये असतं, तेच इंग्रजीत फ्रेंच, आकडा बदलत नाही: २८ शारिएर म्हणजे २८ फ्रेंच. 'ब्यूलाउ-ड्रेनाज'मधलं नाव मात्र इंग्रजीत चालत नाही, तिथे चेस्ट ड्रेन, म्हणजे छातीत घातलेली नळी.

शेवटचं वाचन अर्थासाठी करू नका. मूळ कागद शेजारी ठेवून फक्त आकडे आणि बाजू ताडून पाहा: 're.' उजवी, 'li.' डावी, 'bds.' दोन्ही. यातलं 'bds.' हटकून सुटतं. अक्षर लागत नसेल तर चौकटी कंसात 'अवाच्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाका आणि पेशंटला त्या दवाखान्यातून टाइप केलेली प्रत मागवायला सांगा. अंदाजाने भरू नका. आणि काम घेतानाच विचारून ठेवा, इंग्रजी ब्रिटिश हवी की अमेरिकन. अपेंडिसेक्टमी की अपेंडेक्टमी, स्वॉब की स्पंज, हे अर्ध्यावर बदलायला फार वेळ जातो.