नव्वद फूट: जपानच्या रनर्सविषयी काही टिपणं

सोमवार

जपानच्या राष्ट्रीय बेसबॉल संघाचा विषय निघाला की लोक थेट २०२३ च्या मायामीत, अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात पोहोचतात. नववी म्हणजे शेवटची इनिंग, पिचिंगला (चेंडू टाकायला) जपानचा शोहेइ ओहतानी, समोर बॅट घेऊन अमेरिकेचा माइक ट्राउट, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक, स्लायडर, बॅट हवेतून गेली, ३–२. सुंदरच आहे ते. पण एखाद्या संघाचा इतिहास शेवटच्या चेंडूवरून सांगायचा म्हणजे लग्नाची हकीगत फक्त अक्षतांची सांगायची.

वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा जपानने २००६, २००९ आणि २०२३ मध्ये जिंकली, २०१३ आणि २०१७ मध्ये तो उपांत्य फेरीत हरला. या पाच स्पर्धांची स्कोअरकार्डं पुन्हा काढून बसलं की लक्षात येतं, निकाल फिरला तिथे बहुतेक वेळा कुणीतरी धावत होतं. किंवा धावायचं थांबलं होतं.

अंतर साधं आहे. बेस ते बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. क्रिकेटमध्ये क्रीज ते क्रीज ५८ फूट, म्हणून आपल्या डोळ्याला बेसबॉलचा रनर, म्हणजे बेसवर पोहोचलेला बॅटर, नेहमी ‘पोहोचणार नाही’ असा वाटतो. पहिल्या बेसवरून दुसरा चोरायचा, म्हणजे फटक्याची वाट न बघता पिच पडतानाच पळायचं, तर हिशोब असा: पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये जायला साधारण १.३ सेकंद, तिथून दुसऱ्या बेसवर यायला साधारण २ सेकंद. एकूण ३.३. बेसपासून आधीच साडेतीन-चार मीटर पुढे सरकून लीड घेतलेल्या चांगल्या रनरलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चोरीत खरा लुटला जातो तो कॅचर नाही, पिचर. पिचरने पाय उचलायला १.५ घेतले तर कॅचर कितीही तोफखाना असो, उपयोग नाही. पहिल्या बेसजवळचा कोच हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असतो तो यासाठी.

मंगळवार

१२ मार्च २००६, अनाहाइम. दुसऱ्या फेरीत जपान विरुद्ध अमेरिका, ३–३, आठवी इनिंग. तिन्ही बेसवर जपानचे रनर, एक आउट (तीन झाले की इनिंगमधली त्या संघाची बॅटिंग संपते). अकिनोरी इवामुराने लेफ्टला उंच मारला. अमेरिकेच्या रँडी विनने झेल घेतला आणि होमकडे, म्हणजे रन पुरा होतो त्या प्लेटकडे, फेकला, तिसऱ्या बेसवरून त्सुयोशी निशिओका सुटला, घसरत आत. सेफ. ४–३.

झेल घेतला गेल्यावर रनरला पुढे जायचं असेल तर आधी बेसला पाय लावून उभं राहावं लागतं आणि चेंडू फील्डरच्या ग्लव्हला पहिल्यांदा लागला की सुटता येतं. झेल पक्का होईपर्यंत थांबायची गरज नाही. ग्लव्हमध्ये चेंडू नाचला तरी पहिला स्पर्श झाला की मोकळे. नवखे रनर इथेच चुकतात, फील्डरने चेंडू मुठीत धरलेला दिसेपर्यंत थांबतात आणि तीन-चार दशांश सेकंद घालवतात. आणि रनर लवकर सुटला असं वाटलं तर बचाव करणाऱ्या संघाला अपील करावं लागतं, चेंडू घेऊन तो बेस टॅग करून.

अमेरिकेने अपील केलं. दुसऱ्या बेसजवळच्या पंचाने निशिओकाला योग्य ठरवलं. मग अमेरिकेचे व्यवस्थापक बक मार्टिनेझ बाहेर आले, आणि प्लेटमागचे पंच बॉब डेव्हिडसन यांनी तो निर्णय फिरवला: लवकर सुटला, आउट. रन गेला, इनिंग संपली. टीव्हीच्या चित्रणात निशिओकाचा पाय झेलानंतर सुटताना दिसतो. तेव्हा व्हिडिओ बघून निर्णय द्यायची सोयच नव्हती. जपानचे व्यवस्थापक सादाहारू ओह मैदानात आले, बोलले, परत गेले. नवव्यात अॅलेक्स रॉड्रिगेझच्या हिटवर अमेरिकेने ४–३ ने सामना घेतला.

बुधवार

कालचा हिशोब अर्धाच राहिला होता.

त्या गटात कोरियाने तिघांनाही हरवलं. उरलेले जपान, अमेरिका आणि मेक्सिको प्रत्येकी एक विजय, दोन पराभव. मेक्सिकोने अमेरिकेला २–१ हरवलं म्हणून हा पेच. नियम होता: तिघांच्या आपसातल्या सामन्यांत दिलेले रन भागिले फील्डिंग केलेल्या इनिंग. मेक्सिकोने ७ दिले, ते बाद. जपानने मेक्सिकोला १ आणि अमेरिकेला ४, एकूण ५. अमेरिकेने जपानला ३ आणि मेक्सिकोला २, एकूण ५.

रन सारखे. इनिंग? अमेरिकेच्या ९ आणि ८, कारण मेक्सिको यजमानाच्या बाजूने खेळत होता आणि आघाडीवर असलेल्या यजमानाला शेवटच्या नवव्यात बॅटिंग लागत नाही. १७. जपानच्या ९ आणि ८⅔, कारण रॉड्रिगेझचा तो हिट दोन आउट झाल्यावर आला. १७⅔. भागाकार जपानचा ०.२८३, अमेरिकेचा ०.२९४; कमी असेल तो पुढे.

म्हणजे हरलेल्या सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये काढलेल्या दोन आउटनी जपान उपांत्य फेरीत गेला. एकही आउट न होता तो हिट बसला असता तर दोघांचे आकडे तंतोतंत सारखे झाले असते. सामना हातातून निसटत असताना प्रत्येक आउटसाठी का झगडायचं, हे शिकवणाऱ्या कोचला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

पुढे जपानने कोरियाला ६–० हरवलं आणि अंतिम सामन्यात क्यूबाला १०–६. आठ सामन्यांत तीन पराभव आणि विजेतेपद. कोरिया सातांत एकच हरला आणि घरी गेला. कोरियन लोक अजून चिडतात. त्यांचं चुकत नाही.

बुधवार, नंतर

तो अंतिम सामना १०–६ दिसतो, पण नववी सुरू झाली तेव्हा ६–५ होता. दुसऱ्या बेसवर मुनेनोरी कावासाकी. जपानचा सर्वांत मोठा तारा इचिरो याने राइटला हिट मारला, थ्रो होमला, आणि क्यूबाचा कॅचर पेस्तानो गुडघा टाकून प्लेटची वाट अडवून बसलेला. पायाने आत शिरायला जागाच नाही. कावासाकी शरीर बाहेर ठेवून घसरला आणि त्या फटीतून उजवा हात आत घालून प्लेटला लावला. प्लेटची रुंदी १७ इंच, त्यातला एक कोपरा मोकळा होता. कोपर दुखावलं, रन झाला. मग त्याच इनिंगमध्ये आणखी तीन.

जपानी पत्रकारांनी त्याला ‘देवाचा उजवा हात’ म्हटलं. हल्ली कॅचरला हातात चेंडू नसताना वाट अडवता येत नाही. अमेरिकेच्या मेजर लीगने २०१४ मध्ये हा नियम आणला, जपानच्या लीगने २०१६ मध्ये. आज तो गुडघा तिथे टाकला तर पंच सरळ रन देऊ शकतील. पण हाताने कोपरा गाठायची ती घसरण मात्र अजून सराव करून घेण्यासारखी आहे: पायांची दिशा फाउल रेषेच्या बाहेर, खांदा वर, आणि टॅग येतोय त्याच्या विरुद्ध बाजूचा हात.

गुरुवार

२००९ वर फार लिहीत नाही. जपान-कोरिया त्या एका स्पर्धेत पाच वेळा भिडले, पाचवा अंतिम सामना डॉजर स्टेडियममध्ये, दहाव्या इनिंगपर्यंत, ५–३. इचिरोचा तो हिट सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. इचिरो बॅटिंगला असताना पहिल्या बेसवरचा इवामुरा गुपचूप दुसऱ्यावर सरकला, कोरियाने थ्रोसुद्धा केला नाही. त्यामुळे पहिला बेस रिकामा झाला, म्हणजे इचिरोला चार बॉल देऊन सोडणं कोरियाला परवडणारं होतं. कोरियाच्या व्यवस्थापकांनी नंतर सांगितलं की त्यांना त्याला टाळायचंच होतं, पिचरपर्यंत ते नीट पोहोचलं नाही. लिम चांग-योंगने टाकला, इचिरोने मारला. तिसऱ्यावरून उचिकावा आणि दुसऱ्यावरून इवामुरा, दोघे आत.

सेइइची उचिकावा हे नाव लक्षात ठेवायचं. पाचव्या इनिंगमध्ये लेफ्टला घसरून चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर रनर टिपला तोही हाच.

शुक्रवार

२०१३. यात दोन सामने एकमेकांशेजारी ठेवून बघायचे.

पहिला ८ मार्चचा, टोकियो डोम, तैवानविरुद्ध. नववी इनिंग, जपान २–३ मागे, दोन आउट, पहिल्या बेसवर ताकाशी तोरितानी. आउट झाला तर सामना संपला. तोरितानीने दुसरा बेस चोरला. हिरोकाझु इबाताने हिट मारला, ३–३. दहाव्यात ४–३. बाहेरून बघणाऱ्याला हा जुगार वाटतो, पण पिचर हळू आहे हे बेंचवर माहीत होतं आणि खूण होती ती ‘जमेल असं वाटलं तर जा’ अशी. एक रनर, एक डोकं, एक निर्णय.

दुसरा १७ मार्चचा, सॅन फ्रान्सिस्को, उपांत्य सामना, प्वेर्तो रिको. आठवी, जपान ०–३ मागे. तोरितानीचा ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंतचा फटका), इबाताचा हिट, १–३. उचिकावाचा हिट. आता दुसऱ्यावर इबाता, पहिल्यावर उचिकावा, एक आउट, बॅटिंगला कर्णधार शिन्नोसुके आबे. पिचर जे. सी. रोमेरो, त्याची हालचाल संथ. कॅचर यादिएर मोलिना, त्या काळातला सर्वांत धोकादायक हात.

बेंचवरून खूण तीच: जमेल असं वाटलं तर जा. डबल स्टील, दोघांनी एकदम चोरायचं.

इबाता दोन पावलं निघाला, सुरुवात चांगली झाली नाही असं वाटलं म्हणून थांबला, परत फिरला. उचिकावाने त्याची पहिली दोन पावलं बघितली आणि मान खाली घालून पळत सुटला. दुसऱ्या बेसजवळ आला तेव्हा तिथे इबाता उभा. मोलिनाने फेकायची घाईसुद्धा केली नाही. चेंडू हातात घेऊन तो स्वतः चालून आला, मध्ये अडकलेल्या उचिकावाला आउट करवलं. गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं आहे, दोघे एका टोकाला आणि दुसरं टोक मोकळं. आबे आउट झाला, सामना ३–१ वरच संपला.

उचिकावा रडला, चूक माझी म्हणाला. तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे: डबल स्टीलमध्ये मागच्या रनरने चेंडूकडे बघायचं नसतं, पुढच्या रनरच्या पाठीकडे बघायचं असतं. तो सुटला तर मी सुटणार, तो थांबला तर मी थांबणार. तिसरं-चौथं पाऊल पडताना एकदा मान वर करायची.

पण मला दोष त्या खुणेचा वाटतो. ‘जमलं तर जा’ ही सूट एका रनरला देता येते. दोघांना दिली की दोघांनी स्वतंत्रपणे ठरवायचं आणि ठरवलेलं सारखंच निघेल अशी आशा करायची. दोन रनर असताना खूण एक तर ‘या चेंडूवर जाच’ अशी हवी किंवा ‘जाऊ नका’ अशी. व्यवस्थापक कोजी यामामोतोंवर तेव्हा बरीच टीका झाली की मोलिनासमोर, चौथ्या क्रमांकाचा बॅटर असताना चोरी कशाला. त्या टीकेशी मी सहमत नाही. रोमेरोच्या संथपणाचा हिशोब बरोबर होता. नऊ दिवसांपूर्वी टोकियोत याच धीटपणाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शनिवार

२०१७ चा उपांत्य सामना, डॉजर स्टेडियम, पाऊस, जपान १–२ ने हरला. आठव्यात अमेरिकेचे रनर दुसऱ्या-तिसऱ्यावर, इनफील्ड पुढे ओढलेलं. अॅडम जोन्सचा जमिनीवरचा चेंडू जपानच्या नोबुहिरो मात्सुदाच्या हातात क्षणभर हलला. तेवढ्यात होमला फेकायची संधी गेली, त्याला पहिल्यावर फेकून समाधान मानावं लागलं. तिसऱ्यावरचा क्रॉफर्ड आत. या वेळी धावणारा दुसऱ्यांचा होता, एवढंच.

त्यानंतर संघात एक जागा वेगळ्या माणसाला मिळू लागली. उक्यो शुतो, सॉफ्टबँक हॉक्सचा, डेव्हलपमेंट करारावर निवडलेला मुलगा. २०१९ च्या प्रीमियर ट्वेल्व्ह या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, चिबाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १–२ मागे असताना सातव्यात मासाताका योशिदाने हिट मारला आणि व्यवस्थापक अत्सुनोरी इनाबांनी त्याच्या जागी शुतोला पळायला पाठवलं. त्याने दुसरा चोरला. तिसराही चोरला. मग दोन आउट असताना सोसुके गेंदाने बंट टाकला (बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच ढकलला) आणि शुतो होमला आला. त्या धावण्यात फटका असा एकही नाही. जपान ३–२ ने जिंकला.

आणि २०२३ चा मायामी, उपांत्य, मेक्सिको. आठव्यात ३–५, तिसऱ्यावर ओकामोतो, यामाकावाचा उंच फटका, झेल, ओकामोतो सुटला, ४–५. निशिओकासारखाच रन, या वेळी कुणी हरकत घेतली नाही. नवव्यात ओहतानीचा डबल, तो दुसऱ्या बेसवर. योशिदाला बेस-ऑन-बॉल्स, म्हणजे चार बॉलवर पहिला बेस. पुन्हा योशिदाच्या जागी शुतो. बॅटिंगला मुनेताका मुराकामी, त्या दिवशी चार वेळा आउट झालेला. त्याच्या मनात बंटचा विचार होता. कोचने येऊन सांगितलं, साहेबांनी तुझ्यावर सोपवलंय, मार.

चेंडू सेंटरच्या भिंतीवर गेला. आता दोघांचे पाय बघायचे. एकही आउट नाही, त्यामुळे दुसऱ्यावरच्या ओहतानीला झेल घेतला जाईल का हे बघत अर्ध्यावर रेंगाळावं लागतं, घेतला गेला तर परत यायचंय. शुतो पहिल्यावरून येतोय, त्याला जास्त पुढे येता येतं, दुसऱ्या बेसच्या जवळपास. भिंतीला लागल्यावर दोघे सुटले तेव्हा मधलं अंतर आटलेलं होतं, आणि शुतो त्याला तिसऱ्या बेसच्या वळणावर जवळजवळ गाठत होता. पुढच्या रनरला ओलांडलं तर मागचा आउट, हा नियम आहे. म्हणून तो ओहतानीच्या पाठीमागे तसाच चिकटून आला. ओहतानी आत, ५–५. लगेच मागे शुतो, ६–५.

स्कोअरकार्डवर त्याच्या नावापुढे बॅटिंगचे सगळे रकाने शून्य. रनच्या रकान्यात १.